नाताळच्या भेटीसाठी सुंठ-मधाची भरली बिस्किटे

सुंठ म्हटली की आपल्याला बाळंतिणीचे लाडू आठवतात, रामनवमीचा सुंठवडा आठवतो, नाहीतर सर्दी-पडशाचा काढा. आमच्या सातारा भागात आले पिकवणारी कितीतरी घरे आहेत, पण तिथेही आल्याचे याहून फारसे काही होत नाही. गाडी भरून माल बाजारात जातो, भाव मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर कपाळाला हात. इकडे युरोपातल्या पोलंड आणि जर्मनी या देशांत मात्र, जिथे आल्याचे पीक येत नाही, तिथे सुंठ, दालचिनी, लवंग आणि मध यांची बिस्किटे करून, आत फळांचा घट्ट गर भरून, वरून चॉकलेटचा थर देऊन ती नाताळात भेट म्हणून देण्याची मोठी जुनी रीत आहे. मसाला आपला, नाव त्यांचे! या बिस्किटांची माहिती आणि ती आपल्या घरी करण्याची पद्धत या लेखात देत आहे.

पोलंड हा देश आपल्या वाचकांना अगदीच अनोळखी नसावा. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, त्यात बहुतेक बायका व मुलेच होती. त्या भागातील जुन्या माणसांच्या बोलण्यात त्यांचा उल्लेख अजून येतो. या पोलंडमध्ये विस्तुला नदीच्या काठी तोरुन नावाचे गाव आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे सांगणारा कोपर्निकस १४७३ साली याच गावी जन्मला. पण पोलंडच्या सामान्य माणसाला तोरुन म्हटले की ही मसाल्याची बिस्किटेच आठवतात. त्यांना तिकडे पिएर्निक म्हणतात. हा शब्द मिऱ्यांवरून आलेला आहे. जर्मनीतही त्यांच्या एका प्रकाराला 'मिऱ्यांचा केक' अशा अर्थाचेच नाव आहे. त्या काळी तिकडे मिरे म्हणजे एकूण सगळाच मसाला, असा अर्थ होता. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला येऊन पोचला त्याच्या कितीतरी आधीपासून मलबारची मिरी, वेलची, सुंठ अरब व्यापाऱ्यांच्या हातून व्हेनिसला आणि तिथून उत्तरेकडे जात होती. इतक्या हातांतून गेलेला माल महागच असणार. म्हणून ही बिस्किटे रोजच्या खाण्याची नव्हती, सणाची आणि मानाच्या भेटीची होती.

मध मात्र त्यांचा घरचा. जर्मनीतील न्यूर्नबर्ग शहराच्या भोवतालच्या जंगलात मध काढण्याचा हक्क असलेले खास मधपाळ होते, आणि शहर मसाल्याच्या व्यापारी वाटांवर वसलेले. मध आणि मसाला एका ठिकाणी आला तिथे ही बिस्किटे नावारूपाला आली. पीठही आपल्यासारखे गव्हाचेच असे नाही. राय नावाचे गव्हाच्या नात्यातले, थंडी आणि हलकी जमीन सोसणारे धान्य तिकडे होते, त्याचेही पीठ ते वापरीत. आत भरायला आलुबुखार. पोलंडमध्ये शरदाच्या सुरुवातीला आलुबुखाराच्या झाडांना एकदम फळ येते. ते टिकवायचे कसे? तर बिया काढून, साखर न घालता किंवा अगदी थोडी घालून, तासन् तास, कधी दोन-तीन दिवस थोडे थोडे करून, चमचा उभा राहील इतके आटवायचे. त्याला पोविद्वा म्हणतात. हा काळा, आंबटगोड गर नाताळच्या बिस्किटांत भरला जातो. म्हणजे उन्हाळ्यातला मध आणि पावसानंतरचे फळ थंडीत भेटीच्या रूपाने दुसऱ्याच्या घरी जाते. आपल्या आंब्याच्या साठाचे नाते इथे कुणालाही दिसेल.

चॉकलेट या गोष्टीत फार उशिरा आले, एकोणिसाव्या शतकात. त्याआधी वरून साखरेच्या पाकाचा हात फिरवीत. जर्मनीत पुल्सनिट्झ या छोट्या गावी १५५८ पासून ही बिस्किटे करतात आणि तिथली आत मुरंबा, वर चॉकलेट अशी टोकदार बिस्किटे प्रसिद्ध आहेत. ड्रेस्डेन शहरात १९३६ साली निघालेला चौकोनी प्रकार तर तीन थरांचा आहे : खाली मसाल्याचे बिस्किट, मध्ये फळांची जेली, वर बदामाचा गोळा, आणि सगळ्याला काळे चॉकलेट.

सगळा खेळ पाण्याचा

कृतीकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. भेटीचा पदार्थ हा करण्याच्या दिवशी नव्हे, तर पोचण्याच्या दिवशी चांगला लागला पाहिजे. तो बिघडतो तो पाण्यामुळे. पावसाळ्यात गूळ पाझरतो हे आपण दरवर्षी पाहतो. गुळातील काही साखर हवेतले पाणी ओढून घेते. मधाचा हा गुण त्याहून अधिक. बिस्किट भाजून निघते तेव्हा कडक असते, पण मध हळूहळू ओलावा ओढतो आणि चार-सहा दिवसांत ते मऊ होते. म्हणूनच ही बिस्किटे शिळी होऊन बिघडत नाहीत, उलट मुरतात. परंतु आतला गर पातळ राहिला तर त्याचे पाणी पिठात उतरते, बिस्किट लिबलिबीत होते, वरच्या चॉकलेटला तडे जातात आणि कडेला बुरशी धरते. मग नुसता मसाला कितीही खमंग असला तरी उपयोग नाही. गर घट्ट, बिस्किट पूर्ण भाजलेले आणि पूर्ण निवलेले, चॉकलेट कोरडे : या तीन ठिकाणी पाण्याला अडवले की काम झाले.

सारण

आलुबुखार आपल्याकडे सर्वत्र मिळत नाही, मिळाला तर वाळवलेला मिळतो. तो भिजवून, वाटून, आटवून वापरता येतो. पण डिसेंबरात पेरू भरपूर असतो आणि पेरूत गर घट्ट करणारे पेक्टिन जात्याच पुष्कळ असते. गोव्यात नाताळसाठी पेरूची घट्ट वडी, पेराद, करतातच. म्हणून मी पेरूच सुचवतो. अर्धा किलो पिकलेले पण कडक पेरू थोड्या पाण्यात शिजवून चाळणीतून गाळावेत, म्हणजे बिया निघतील. गराच्या निम्म्याहून थोडी अधिक साखर आणि एका लिंबाचा रस घालून जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर आटवावे. गर फटफटू लागतो, तेव्हा लांब दांड्याचा चमचा घ्यावा आणि मुलांना दूर ठेवावे. चमच्याने पातेल्याच्या बुडावर रेघ ओढली असता ती रेघ तशीच राहिली, लगेच मिटली नाही, म्हणजे गर तयार. खात्री करायची असेल तर कोऱ्या कागदावर थेंब ठेवून पाच मिनिटे थांबावे. थेंबाभोवती ओलसर कडे उमटले तर अजून आटवायला हवे. सारण एवढे घट्ट हवे की हातावर छोटी गोळी वळता यावी.

पीठ

सुमारे चाळीस बिस्किटांसाठी मैदा २५० ग्रॅम, बारीक चाळलेली कणीक १५० ग्रॅम, मध १५० ग्रॅम, किसलेला गूळ १०० ग्रॅम, लोणी ७५ ग्रॅम, एक अंडे, खाण्याचा सोडा सपाट चहाचा चमचा एक आणि चिमूटभर मीठ घ्यावे. मसाला घरी कुटलेला ताजा असावा : सुंठ दोन चहाचे चमचे, दालचिनी दोन, लवंग व वेलची प्रत्येकी अर्धा, जायफळ व मिरे प्रत्येकी पाव. अंडे खात नसल्यास त्याऐवजी तीन मोठे चमचे दूध घालावे, बिस्किट थोडे कमी फुलते एवढेच. मध महाग वाटला तर निम्मा मध आणि निम्मी काकवी घ्यावी. यात कमीपणा काही नाही. जर्मनीतील आखेन शहरातली नामांकित बिस्किटे मधाऐवजी बीटच्या पाकावरच होतात, आणि काकवी ही तर उसाची, आपल्या घरची. मात्र मध वापराल तो खात्रीचा असावा. महाबळेश्वरजवळचे मांघर हे २०२२ पासून 'मधाचे गाव' म्हणून ओळखले जाते. अशा ठिकाणचा किंवा ओळखीच्या मधपाळाचा मध घेतला तर फसगत होत नाही.

सुंठेविषयी थोडे अधिक सांगतो, कारण तो माझ्या नेहमीच्या कामाचा विषय आहे. बाजारातली अगदी पांढरीशुभ्र सुंठ पुष्कळदा चुन्याची असते, ती इथे घेऊ नये. घरी पूर्ण पक्व आले असेल तर ते धुऊन, साल खरवडून, उन्हात चांगले वाळवावे. शंभर किलो ओल्या आल्याची साधारण वीस किलो सुंठ पडते. वाळलेला तुकडा मोडताना कट्कन आवाज झाला पाहिजे. ओले आले किसून घालण्याचा मोह होतो, पण तो टाळावा, कारण पुन्हा तेच, पाणी.

मध, गूळ आणि लोणी मंद आचेवर गूळ विरघळेपर्यंतच गरम करावे, उकळू नये. खाली उतरवून त्यात मसाला घालावा व कोमट होऊ द्यावे. मग अंडे किंवा दूध, आणि सोडा व मीठ मिसळून चाळलेले पीठ घालून गोळा करावा. गोळा हाताला चिकटेल. घाबरून त्यात आणखी पीठ घालू नये. झाकून रात्रभर थंड जागी, शक्यतो फ्रिजमध्ये ठेवावा, सकाळी तो आपोआप घट्ट होतो. पोलंडमध्ये हे पीठ पाच-सहा आठवडे मुरवण्याची जुनी पद्धत आहे. कॅथरीन या संतिणीच्या दिवशी, म्हणजे २५ नोव्हेंबरला, बिस्किटांच्या कामाला लागण्याचीही प्रथा होती. पण त्यांची तळघरे बर्फाळ थंडीची! आपल्याकडे अंडे-लोण्याचे कच्चे पीठ आठवडे ठेवणे धोक्याचे आहे. एक रात्र पुरे.

सोडा मापानेच घालावा. मध आणि गुळातील आंबटपणाशी मिळून तो वायू तयार करतो आणि बिस्किट फुलते. जास्त झाला तर साबणासारखी चव येते. तिकडे पूर्वी यासाठी लाकडाच्या राखेतून काढलेला क्षार वापरीत. आपल्या पापडखाराचाच तो भाऊबंद.

लाटणे, भरणे, भाजणे

पुढचे काम करंजी करणाऱ्या हातांना शिकवावे लागत नाही. पोळपाटावर थोडे पीठ भुरभुरून चार मिलिमीटर जाडीची पोळी लाटावी, पाच सेंटिमीटर रुंद वाटीने चकत्या पाडाव्यात. एका चकतीच्या मधोमध सारणाची छोटी गोळी ठेवून ती किंचित दाबावी, कडेला दुधाचे बोट फिरवावे, दुसरी चकती वर ठेवून कडा नीट दाबून घ्याव्यात. आत हवा राहू देऊ नये, नाहीतर भट्टीत बिस्किट फुटून सारण बाहेर येते आणि करपते.

ओव्हन असेल तर १७५ अंश सेल्सिअसवर बारा ते चौदा मिनिटे भाजावीत. ओव्हन नसेल तर अडून बसायचे कारण नाही. दिवाळीत नानकटाईचे पीठ घेऊन बेकरीत जाण्याची आपली जुनी सवय आहे. बेकरीवाल्याला तासभर आधी सांगून भट्टी थोडी निवल्यावर ही बिस्किटे घालावीत, कारण मध आणि गूळ असल्याने ती नानकटाईपेक्षा लवकर करपतात. घरीच करायची तर जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात दोन बोटे स्वच्छ कोरडी वाळू पसरून, त्यावर तिवई ठेवून, झाकण घालून पंधरा मिनिटे तापवावे आणि बिस्किटांची ताटली तिवईवर ठेवावी. पंधरा ते अठरा मिनिटे लागतात, पण बाराव्या मिनिटाला झाकण उघडून पाहावे. प्रथम दोनच बिस्किटे भाजून आचेचा अंदाज घ्यावा. कडा घट्ट आणि मध्यभाग बोटाने दाबल्यास किंचित मऊ, अशी असतानाच काढावीत. निवताना ती कडक होतात. जाळीवर पसरून रात्रभर पूर्ण निवू द्यावीत. कोमट बिस्किटावर चॉकलेट चढवले तर आतली वाफ आतच राहते.

चॉकलेट : इथे घाई नको

आमच्याकडच्या एका गावी बचत गटाच्या भगिनींनी ही बिस्किटे केली होती. चव उत्तम, पण दुसऱ्या दिवशी चॉकलेटवर राखाडी-पांढरे पट्टे आले आणि सगळ्यांना वाटले बुरशी आली. ती बुरशी नव्हती. खऱ्या चॉकलेटमधील कोको बटर नीट न गोठल्यामुळे वर आलेला तो थर होता. खायला त्याने काही अपाय नाही, पण भेट म्हणून असे बिस्किट कोण देईल?

कोको बटर साधारण ३४ अंशांना पूर्ण वितळते आणि निवताना वेगवेगळ्या प्रकारचे कण धरते. त्यातला एकच प्रकार चकचकीत, कट्कन तुटणारा आणि टिकणारा असतो. तो धरवायची सोपी युक्ती अशी : ३०० ग्रॅम काळे चॉकलेट बारीक चिरून घ्यावे. त्यातले २०० ग्रॅम कोरड्या भांड्यात, गरम पण न उकळणाऱ्या पाण्यावर धरून, ४५ अंशांपर्यंत वितळवावे. खाली उतरवून, भांड्याचे बूड पुसून, उरलेले १०० ग्रॅम त्यात थोडे थोडे घालत सतत ढवळावे. हे घट्ट तुकडे म्हणजे विरजण समजा. चांगले विरजण लागले की दही चांगले लागते, तसेच इथे चांगले कण पुढचे कण आपल्यासारखे घडवतात. तापमान ३१-३२ अंशांवर आले की चॉकलेट तयार. दूध संकलन केंद्रावर असतो तसला तापमापक यासाठी पुरतो, मात्र तो धुऊन अगदी कोरडा करावा. तापमापक नसल्यास थेंबभर चॉकलेट खालच्या ओठाला लावून पाहावे. ते कोमट न लागता किंचित गार लागले पाहिजे. सुरीच्या टोकावर थोडे लावून ठेवले असता पाच मिनिटांत चमक धरून घट्ट झाले तर काम जमले.

पाण्याचा एक थेंबही यात पडता कामा नये. थेंबभर पाण्यानेही चॉकलेटचे गोळे होतात आणि ते बिस्किटाला लावण्याजोगे राहत नाही. बिस्किट काट्यावर ठेवून बुडवावे, जास्तीचे निथळू द्यावे आणि लोणी-कागदावर ठेवावे. हे काम डिसेंबरातल्या थंड सकाळी, चूल पेटण्याआधी उरकावे. खोली २२ अंशांच्या आसपास असेल तर उत्तम. कोकणातल्या भगिनींनी पहाटेचीच वेळ धरावी. गोठवायला फ्रिजमध्ये ठेवू नये, बाहेर काढल्यावर त्यावर दव धरते आणि डाग पडतात. बाजारात 'कंपाऊंड' नावाने मिळणारे चॉकलेट दुसऱ्या तेला-तुपाचे असते. त्याला हे विरजण लागत नाही, स्वस्तही पडते. पहिल्यांदा हात बसवायला ते वापरावे. चवीत मात्र खऱ्याची बरोबरी नाही, आणि मला स्वतःला ते जिभेवर मेणासारखे लागते.

बांधणी आणि काही सावधगिरी

एक दिवस उघडी ठेवून मग स्वच्छ, कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये कागद घालून भरावीत. चॉकलेट वास फार लवकर धरते. कांदा, साबण, रॉकेल यांच्याजवळ डबा नको. आणि शेतकरी घरांसाठी आवर्जून सांगतो : फवारणीची औषधे किंवा बियाणे ठेवण्याच्या खोलीत हा डबा ठेवू नये, औषधांचे रिकामे डबे तर धुऊनसुद्धा कुठल्याच खाण्यासाठी वापरू नयेत. थंड जागी ही बिस्किटे तीन आठवडे चांगली राहतात. एस.टी.ने दुपारच्या उन्हात मुंबईला पाठवायची असतील तर चॉकलेटचा नाद सोडून नुसती भरली बिस्किटे पाठवावीत, तीही तिकडे चालतात.

एक वर्षाखालील बाळाला मध असलेला कोणताही पदार्थ देऊ नये. मधात क्वचित असणारे जंतूंचे बीज भाजल्यानेही मरत नाही आणि तान्ह्या बाळाला ते घातक ठरू शकते. म्हणून डब्यावर चिठ्ठी लावावी : केल्याची तारीख, आणि गहू, दूध, मध, अंडे यांपैकी काय काय आहे ते. अंडे घातलेले बिस्किट शाकाहारी म्हणून देऊ नये. बचत गटाने विक्री करायची ठरवली तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी आधी करून घ्यावी.

द्यायची कुणाला, हा प्रश्न आपल्याकडे पडू नये. वसईच्या ख्रिस्ती बागायतदार घरांत आणि गोव्यात नाताळला नेवऱ्यो, दोदोल, पेराद यांचे ताट शेजारी जाते, जसे आपले दिवाळीच्या फराळाचे जाते. फराळाच्या ताटाला उत्तर म्हणून नाताळात एक डबा पाठवायला काय हरकत आहे? दिवस असे मोजावेत : पेरूचा गर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पीठ १२ तारखेच्या रात्री, भाजणे १३ ला, चॉकलेट १४ च्या पहाटे, डबे १५ ला बंद. दूर पाठवायचे ते २० तारखेच्या आत निघावेत. त्याच घाण्यातील चार बिस्किटे घरी वेगळ्या डब्यात ठेवावीत आणि दर आठवड्याला एक फोडून पाहावे. मऊपणा, वास, सारणाभोवतीचा ओलावा यांची दोन ओळींत नोंद वहीत करावी, म्हणजे पुढच्या वर्षी गर किती आटवायचा ते आपल्याच वहीतून कळेल.